मदत हवी आहे: भावाचं वर्कशॉप बुडालं, अण्णा जामीनदार. दिवाळखोरीचा वकील गाठावा का?

मीनल_प

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगते.

माझ्या मोठ्या भावाचं सांगली जिल्ह्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. प्रोप्रायटरशिप आहे, कंपनी नाही. प्लॉट आणि शेड गहाण ठेवून राष्ट्रीयीकृत बँकेचं कॅश क्रेडिट आणि टर्म लोन घेतलं होतं, त्याचे ३८ लाख थकलेत. पतसंस्थेचे ९ लाख आहेत. त्याला आमचे अण्णा जामीनदार असून त्यांच्या सातबाऱ्यावर बोजा चढवलाय. एका फायनान्स कंपनीचे विनातारण ६ लाख. वर गावातल्या एकाकडून महिना ५ टक्क्यांनी घेतलेले ४ लाख, आणि त्याच्याकडे दादाच्या सहीचे कोरे चेक पडून आहेत. उलट एका मोठ्या कारखान्याकडे दादाचे ११ लाख वर्षभर अडकलेत. घसरण तिथूनच सुरू झाली.

तीन आठवड्यांपूर्वी बँकेची सरफेसी कायद्याची (त्याखाली बँक कोर्टात न जाता गहाण मालमत्ता विकू शकते) १३(२) ची नोटीस आली. दादाने ती फोडून कपाटात ठेवून दिली. आता घरात रोज नवा सल्ला येतो. मामा म्हणतात, राहतं घर वहिनीच्या नावे बक्षीसपत्र करून टाक. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, बँकरप्टसी फाइल करा, वकील एका दिवसात सगळं थांबवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की शेतजमिनीला कुणी हात लावू शकत नाही. आणि एक 'कर्जमुक्ती सल्लागार' म्हणतोय, ४० हजार आधी भरा, निम्मं कर्ज माफ करून देतो.

आपल्याकडे दिवाळखोरीचा असा वेगळा वकील असतो का? तो नक्की करतो काय? आणि अण्णांची जमीन वाचेल का? मला खरी काळजी त्याचीच आहे.

ओहायोवासी

तुमचा चुलतभाऊ इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, हिशोबाने बरोबर बोलतोय. इथे अर्ज दाखल झाला की वसुलीचे फोन, जप्ती, लिलाव बहुतांशी जागच्या जागी थांबतात. इथल्या दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ७ मध्ये विकण्याजोगं विकून उरलेलं बरंचसं कर्ज पुसलं जातं. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षांचा फेडीचा आराखडा कोर्ट मंजूर करतं. शेतकरी कुटुंबांसाठी चॅप्टर १२ आहे. १९८६ च्या शेतीसंकटात तो तात्पुरता म्हणून आणला आणि २००५ मध्ये कायम केला. यातलाच अमुक चॅप्टर करणारे वकील गावोगावी पाट्या लावून बसलेले असतात. भारतात यातलं काय लागू होतं ते फोरमवरचे जाणकार सांगतील, मला वाटतं फारसं नाही.

बांधावरचा

ताई, शेतजमिनीचा तो मेसेज आमच्याही ग्रुपवर आला होता. अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. सरफेसीतून शेतजमीन वगळलेली आहे हे बरोबर. पण पतसंस्था सरफेसीने येतच नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते आणि मग वसुली अधिकारी कलम १५६ खाली जप्ती आणि लिलाव करतो. त्यात शेतजमीन जाते. आमच्या भावकीत गेली आहे.

कर्जमाफीची आशा धरू नका. २०१७ ची असो की २०१९ ची महात्मा फुले योजना, दोन्ही शेतीकर्जासाठी होत्या. वर्कशॉपसाठी उचललेलं पतसंस्थेचं कर्ज त्यात बसत नाही, जामीनदार शेतकरी असला तरी.

अ‍ॅड_पायरीवरचा

दिवाणी आणि वसुलीच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कागद न बघता दिलेला सल्ला आहे, तेवढं धरून चाला.

आधी दिवाळखोरीबद्दल. २०१६ च्या इन्सॉल्व्हन्सी कोडचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू केलाय, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. तुमच्या दादाची कंपनीच नाही, त्यामुळे 'एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात) टाकू' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. साध्या माणसाला अजून १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच आहे (मुंबई शहराला १९०९ चा वेगळा). अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत होतो. किमान कर्जाची अट आजही ५०० रुपये आहे, यावरून कायद्याचं वय ओळखा.

त्याने काय मिळतं? नादार ठरल्यावर मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, ती धनकोंमध्ये (कर्ज देणाऱ्यांमध्ये) वाटली जाते, अटकेपासून संरक्षण मागता येतं आणि शेवटी कर्जातून मुक्तीचा अर्ज करता येतो. पण तुमच्या घरासाठी यात दोन मोठी भोकं आहेत. एक, गहाणदार बँकेचा हात याने अडत नाही, ती प्लॉट विकू शकते. दुसरं जास्त महत्त्वाचं: दादाला मुक्ती मिळाली तरी जामीनदार सुटत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे दादा मोकळा आणि अण्णा अडकलेले, असं होईल.

म्हणून आपल्याकडे या कामाचा चांगला वकील दिवाळखोरीपासून सुरुवात करत नाही. तो प्रत्येक कर्ज सुटं करून त्याचा कायदा, त्याची तारीख आणि त्यात कोण कोण अडकलंय ते मांडतो. तुमचं मी असं मांडेन.

बँक: नोटिशीपासून ६० दिवस असतात. त्याच्या आत लेखी हरकत द्या. रक्कम चुकली असेल, व्याज फुगलं असेल, खातं एनपीए (थकीत) केल्याची तारीख पटत नसेल, तर तेही लिहा. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच पत्रात किंवा सोबत ओटीएसचा (एकरकमी तडजोडीचा) ठोस प्रस्ताव द्या, आकडा आणि पैसे कुठून येणार यासह. पुढे बँकेने १३(४) खाली ताबा घेतला तर ४५ दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येतं, तुम्हाला पुण्याचं लागेल. नोटीस आल्यावर प्लॉट बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही. मात्र संमती घेऊन स्वतः गिऱ्हाईक आणलंत तर लिलावापेक्षा बरा भाव येतो.

फायनान्स कंपनी: करारात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या मध्यस्थापुढे सोडवण्याचं) कलम असणार. लवादाचं पत्र आलं तर हजर राहा, नाहीतर एकतर्फी निवाडा होतो आणि मग त्याची अंमलबजावणी दारात येते.

कोरे चेक: यात वेळ सगळ्यात कमी मिळतो. चेक परत आला की नोटीस येते, तिच्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम १३८ ची फौजदारी तक्रार होते. कर्ज फेडता आलं नाही एवढ्यावरून कुणाला तुरुंगात घालता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्येच जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात सांगितलंय. चेकचं प्रकरण मात्र वेगळं, तिथे शिक्षा आहे. तो माणूस परवानाधारक सावकार आहे का, हे सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारा. २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकाराच्या दाव्यात कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही, आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हाही आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे. मात्र त्या माणसाने गावात कुणाकुणाला कर्ज दिलंय याचा पुरावा लागतो, एका व्यवहारावर सावकारी सिद्ध करणं अवघड जातं.

बक्षीसपत्राचं अजिबात करू नका. धनकोंना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर रद्द होऊ शकतं. नादारीचा अर्ज पुढच्या दोन वर्षांत झाला तर आणखी सहज. आणि दादाची दानत साफ आहे हे दाखवायचंय तिथे तोच कागद विरुद्ध बोलेल.

निवृत्त_शाखाधिकारी

वकीलसाहेबांनी बँकेची बाजू बरोबर मांडली. खुर्चीच्या पलीकडून सांगतो: ओटीएसचं पत्र 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' एवढ्यावर आलं की ते फायलीत जातं. सोबत थोडी रक्कम भरून, बाकीची कधी आणि कशी ते लिहून आलं की वर पाठवता येतं. ओटीएस झाली की सिबिलमध्ये 'सेटल्ड' अशी नोंद पडते, पुढे कर्ज घेताना ती आडवी येते. दादाला हे आधी माहीत असू द्या.

लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी २०१५ ची एक चौकटही आहे. पण त्यासाठी खातं एनपीए होण्याआधीच कागदपत्रांसह बँकेकडे जावं लागतं, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. तुमची ती गाडी चुकली. फॅब्रिकेशनवाला हप्ता एक-दोन महिने चुकला की शाखेत तोंड लपवतो, येतो तेव्हा ९० दिवस उलटून खातं एनपीए झालेलं असतं. शेकड्यांनी पाहिलेत असे.

त्या ११ लाखांचं मात्र आजच बघा! माल पुरवला तेव्हा उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी होती का? असेल तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करा. ४५ दिवसांच्या पुढच्या थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मिळतं. ती रक्कम आली तर पतसंस्थेचा अख्खा विषय मिटतो.

आणि वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करत असतील तर वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेचा मज्जाव आहे.

कडूकारले

कर्ज काढताना सगळे शूर, फेडताना कायदे आठवतात. बाकी चालू द्या.

अ‍ॅड_पायरीवरचा

कडूकारले, ११ लाख बुडवणाऱ्या कारखान्यालाही हे एकदा ऐकवा.

मीनलताई, त्या सल्लागाराचं राहिलं. वकिलांना जाहिरात करायला आणि निकालावर टक्केवारी घ्यायला बार कौन्सिलची मनाई आहे. म्हणजे 'निम्मं माफ'ची जाहिरात करणारा एकतर वकील नाही, किंवा नियम मोडणारा वकील आहे. ४० हजार देऊ नका.

मीनल_प

सगळ्यांचे खूप आभार. उद्यम नोंदणी आहे, २०२१ ची, माल त्यानंतरचा. नोटिशीच्या पाकिटावरची तारीख बघितली, अजून पाच आठवडे हातात आहेत. शनिवारी सगळे कागद घेऊन सांगलीला वकिलांकडे जातोय. पतसंस्थेचं अजून नोटीस वगैरे काही नाही, फक्त फोन येतात. अण्णांना सोबत नेऊ की आत्ताच त्यांना ताण नको?

बांधावरचा

न्याच. १०१ चा दाखला देण्याआधी निबंधक जामीनदारालाही बोलावतो. तिथे हजर राहून हिशोब तपासायची पहिली संधी असते. दाखला निघाल्यावर फेरतपासणी मागायची तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आमच्या भावकीत ती संधी घरी बसून गेली.

अ‍ॅड_पायरीवरचा

अण्णांना न्या, आणि त्यांच्यासाठी वकीलपत्र वेगळं, शक्यतो वकीलही वेगळा घ्या. दादाच्या फायद्याचं ते अण्णांच्या फायद्याचं असेलच असं नाही. पतसंस्थेने अण्णांकडून वसूल केलं तर ते पैसे दादाकडून मागायचा हक्क अण्णांना आहे. दोघांसाठी एकच वकील बसला तर तो हे अण्णांना कसं सांगणार? फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. पतसंस्थेकडून कर्ज घेतल्यापासूनचा खातेउतारा आणि अण्णांनी सही केलेल्या जामीनपत्राची नक्कल शनिवारच्या आधी लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या.