कामाचे तास संपल्यावर ट्रक हलवणे: अमेरिकेतील ‘पर्सनल कन्व्हेयन्स’ची मर्यादा

प्रश्न:
मी अमेरिकेत आंतरराज्य मालवाहतुकीचा ट्रक चालवतो. अलीकडे एका गोदामात माल उतरवण्यास इतका विलंब झाला की माझी १४ तासांची मुदत (काम सुरू केल्यापासून ज्या वेळेनंतर ट्रक चालवता येत नाही ती) तेथेच संपली, आणि काम होताच आवार सोडावे लागेल असे मला सांगण्यात आले. जवळचा ट्रक स्टॉप भरलेला होता, म्हणून मी त्यापुढच्या स्टॉपवर जाऊन थांबलो आणि ईएलडीवर (चालकाचे तास नोंदवणाऱ्या ट्रकमधील इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) तो प्रवास ‘पर्सनल कन्व्हेयन्स’ म्हणजे कामाबाहेरचा वैयक्तिक प्रवास म्हणून नोंदवला. आता आमच्या फेऱ्या ठरवणारे कंपनीचे डिस्पॅचर म्हणतात की, या नियमात अंतराची मर्यादाच नसल्यामुळे अशा वेळी थेट पुढच्या लोडच्या ठिकाणाजवळ जाऊन मुक्काम करत जावा. मला हे योग्य वाटत नाही, परंतु नकार नियमाच्या आधारे द्यावा अशी इच्छा आहे. शिवाय ट्रेलर भरलेला असल्यास काही फरक पडतो का?

प्रतिसाद १:
अंतराची मर्यादा नाही, हे खरे आहे. त्यावरून डिस्पॅचर काढत असलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. एफएमसीएसए या ट्रक-बस वाहतुकीच्या सुरक्षेचे नियमन करणाऱ्या संघीय यंत्रणेने २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शन दिले, त्यात ट्रक किती मैल गेला यापेक्षा तो कशासाठी गेला याला महत्त्व आहे. चालक कामातून आणि कामाच्या सर्व जबाबदारीतून मोकळा झालेला असेल, तरच ते चालवणे वैयक्तिक ठरते. माल चढवल्यानंतर किंवा उतरवल्यानंतर विश्रांतीसाठी जवळच्या सुरक्षित जागी जाण्यास, तास संपलेले असले तरी, परवानगी आहे. पण ती जागा वाजवीपणे उपलब्ध असलेली पहिलीच जागा असली पाहिजे. आपण भरलेला स्टॉप सोडून पुढच्या स्टॉपवर गेलात, ते या चौकटीत बसते. उपलब्ध जागा ओलांडून पुढच्या लोडच्या जवळ सरकणे मात्र कंपनीचे काम पुढे नेणे आहे, आणि अशा हालचालीचे उदाहरण त्या मार्गदर्शनात निषिद्ध म्हणूनच दिलेले आहे. दुसरा लोड आणण्यासाठी रिकामा ट्रेलर घेऊन जाणे किंवा ट्रक दुरुस्तीला नेणे हेही त्यात बसत नाही.

ट्रेलर भरलेला असण्याची अडचण नाही. १९९७ च्या जुन्या मार्गदर्शनातील रिकाम्या वाहनाची अट २०१८ मध्ये काढून टाकली गेली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले, कारण भरलेला ट्रेलर जोडलेल्या चालकालाही जेवायला आणि झोपायला जावेच लागते.

प्रतिसाद २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. कंपनी नियमापेक्षा कडक धोरण ठेवू शकते, म्हणजे ही सोय पूर्ण बंद करू शकते, मैलांची मर्यादा घालू शकते किंवा भरलेल्या ट्रेलरसह मनाई करू शकते. नियमात नसलेली सूट मात्र तिला देता येत नाही. दुसरे म्हणजे, पहिला स्टॉप भरलेला असल्याची टीप त्याच वेळी ईएलडीच्या नोंदीत लिहून ठेवावी. तपासणीच्या वेळी पुढे का गेलात हा प्रश्न हमखास येतो, आणि नोंद नसेल तर केवळ तोंडी सांगण्यावर भिस्त राहते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. एक शंका राहिली. गोदामात नव्हे, तर महामार्गावर वाहतूक खोळंबल्यामुळे प्रत्यक्ष ट्रक चालवण्याचे माझे कमाल ११ तास संपले, तर याच आधारावर पुढच्या स्टॉपपर्यंत जाता येईल का?

प्रतिसाद १:
नाही, आणि येथेच अनेक चालक फसतात. तास संपल्यानंतरची ही सवलत माल चढवण्या-उतरवण्याच्या ठिकाणी तास संपले तर, किंवा विश्रांती चालू असताना पोलिसांनी वा सुरक्षा अधिकाऱ्याने ट्रक हलवण्यास सांगितले तर, एवढ्यापुरतीच आहे. रस्त्यावर असताना तास संपत आले, तर ते संपण्यापूर्वी थांबण्याची जागा शोधणे हे चालकाचे आणि त्याचा मार्ग आखणाऱ्याचे काम आहे. शिवाय थकलेल्या अवस्थेत वाहन चालवण्यास असलेली मनाई वैयक्तिक प्रवासातही लागू राहते.

प्रतिसाद ३:
कॅनडाच्या फेऱ्या करणाऱ्यांनी हे सर्व तेथे लागू आहे असे समजू नये. तेथे वैयक्तिक वापराला दिवसाला ७५ किलोमीटरची मर्यादा आहे आणि वाहन रिकामे असण्याची अटही आहे, त्यामुळे सीमा ओलांडण्यापूर्वी ईएलडीवर योग्य देशाचा नियमसंच निवडलेला आहे ना, हे पाहून घ्यावे.