सोसायटी ग्रुप: बोअरचे पाणी, पीएच आणि माशांची टाकी

बी ४०३: सर्वांना नमस्कार. आज सकाळी पाणी बदलल्यापासून आमच्या टाकीतील निऑन टेट्रा वर येऊन फिल्टरच्या धारेजवळ धापा टाकत आहेत. नळाच्या ताज्या पाण्याचा पीएच ७.४ होता आणि बादलीत ठेवलेले तेच पाणी आता ८.२ दाखवत आहे. काल रात्री बोअरची मोटर सुरू केली होती का, हे समितीने कृपया स्पष्ट सांगावे. मागच्या उन्हाळ्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, ते मी पुन्हा उगाळत नाही.

ए १०१ (सचिव): धरणाचे पाणी कमी दाबाने आल्यामुळे बोअर सुरू करावी लागली. मात्र सॉफ्टनर बसवल्यापासून पाणी मऊच येते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा दोष समितीवर येऊ नये, ही नम्र विनंती.

बी ५०१: बोअरचे पाणी मिसळण्याच्या आदल्या दिवशी ग्रुपवर कळवावे, ही मागणी मी सभेत लेखी दिलेली आहे.

सी २०२: सचिवसाहेब, आपल्याविषयी आदर ठेवून सांगतो, सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, पण बायकार्बोनेट तसेच राहते आणि पीएच वर धरून ठेवते ते बायकार्बोनेटच. ताई, ताज्या बोअरच्या पाण्यात जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो उडून गेला की पीएच चढतो आणि बहुधा त्याच वायूमुळे मासे धापा टाकत असावेत. आत्ता एअर पंप पूर्ण सुरू ठेवा आणि यापुढे पाणी रात्रभर हवा सोडून मगच वापरा.

डी ३०४: दुकानात पीएच उतरवण्याचे औषध मिळते. चार थेंब टाकले की काम होते, एवढी चर्चा कशाला?

सी २०२: दादा, कृपया तसे सुचवू नका. आधी केएच, म्हणजे पाण्यातील बायकार्बोनेटचे प्रमाण, मोजावा लागतो. नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन केएच चाचणीच्या द्रावणाचे थेंब टाकत जायचे आणि निळा रंग पिवळा होईपर्यंत लागलेले थेंब मोजायचे. साधारणतः एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. केएच १२ असेल तर औषधाने उतरलेला पीएच बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतो आणि ही चढउतार माशांना स्थिर ८.० पेक्षा जास्त घातक ठरते.

बी ५०१: आदल्या दिवशी कळवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

सी ३०१: मग सरळ आरओचे पाणी भरावे, आमच्याकडे तेच पितात.

सी २०२: निव्वळ आरओ नको, काकू. त्यात केएच जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे टाकीतील विष्ठेतून तयार होणाऱ्या आम्लांनी पीएच अचानक कोसळतो. निम्मे आरओ आणि निम्मे नळाचे पाणी घेतले तर केएच जवळपास निम्म्यावर येतो. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र टाकीत अजिबात ओतू नये, कारण सारे क्षार त्यातच साठतात.

डी ३०४: पाण्याची एवढी उधळपट्टी आणि देखभाल शुल्क मात्र सर्वांनी सारखे भरायचे, हे मला पटत नाही.

बी ४०३: दादा, आमचे शुल्क कधी थकले आहे का? आणि वर टाकलेले ते विनोदी चित्र कृपया काढावे, माझी मुलगी टाकीसमोरून उठायला तयार नाही.

सी २०२: ताई, निऑन हे ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातील मासे असल्यामुळे मिसळलेले पाणी त्यांना मानवेल, पण बदल हळूहळू करा. टाकीतील संगमरवरी खडे आणि शिंपलेही तपासा. ज्यावर व्हिनेगर टाकताच फसफसते, ते केएच वाढवते. पीएच ८ च्या वर असताना खाणे कमी द्या, कारण अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या तुलनेत नऊ-दहा पट किंवा त्याहून जास्त होतो. नवीन मासे आणायचे असतील, तर आपल्या पाण्याला गप्पी आणि मॉली जास्त योग्य आहेत.

बी ५०१: सचिवसाहेब, लेखी मागणीचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

ए १०१ (सचिव): बोअर सुरू करायची असेल तेव्हा आदल्या संध्याकाळी सुरक्षारक्षकाच्या फलकावर आणि ग्रुपवर सूचना देण्यात येईल. रात्री दाब अचानक कमी झाला तर मात्र आगाऊ कळवणे शक्य होणार नाही, हे सर्वांनी समजून घ्यावे.

बी ५०१: अशा वेळी निदान मोटर सुरू करताना तरी कळवावे.