ज्युरी ड्युटी सोमवारी, बाळ अंगावर पितंय – डॉक्टरचं पत्र लागतंच का?

पिलूची आई – गुरुवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,
घाईत लिहितेय, पिलू आत्ताच झोपलाय. सोमवारचं ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला नागरिक म्हणून बसायचं, समन्स आहे. तीन आठवड्यांपूर्वी आलं तेव्हाच मी कोर्टाच्या पोर्टलवर तारीख पुढे ढकलायची विनंती टाकली होती. कारणांच्या यादीत अंगावर पाजण्याचं काही दिसलं नाही, म्हणून "वैद्यकीय" निवडलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या. आज संध्याकाळी उत्तर आलं की डॉक्टरांचं पत्र जोडा, नाहीतर हजर राहा. दवाखान्यात फोन केला तर भेटीची वेळ मंगळवारची!

पिलू सात महिन्यांचा आहे आणि बाटली अजिबात घेत नाही. दोन-अडीच तासांनी पाजावंच लागतं. पत्र लागतंच का? यातून कोणी गेलंय का? उद्या दुपारपर्यंत कळलं तर फार बरं होईल.

बंडू – गुरुवार, रात्री ११:५८

न जाण्याचा विचार मनातही आणू नकोस. दंड पहिल्या वेळी २५० डॉलरपर्यंत, दुसऱ्यांदा ७५०, तिसऱ्यांदा १५००. माझा भाचा अडकला होता, सगळ्यांना आठवत असेल.

तुझ्या सासूबाई आल्यात ना? एक दिवसाचा तर प्रश्न आहे. आपल्या राज्यात "एक दिवस किंवा एक खटला" अशी पद्धत आहे, बहुतेक लोक संध्याकाळी घरी येतात आणि वर्षभर सुटतात. शुक्रवारी पाचनंतर तुझा ग्रुप नंबर बघ, बोलावणं रद्दही झालेलं असू शकतं. शिवाय कॅलिफोर्नियात आईला कुठेही पाजायचा हक्क आहे, १९९७ पासून कायदाच आहे. बाळाला घेऊनच जा.

माई – शुक्रवार, सकाळी ६:१०

बंडू, तू तिथे बसलेला नाहीस, मी बसले होते. १९८९ साल, धाकटा पाच महिन्यांचा. आम्ही नुकतेच नागरिक झालो होतो, समन्स आलं तेव्हा ह्यांनी कौतुकाने ते शेजाऱ्यांना दाखवलं होतं. विचारायला कोणी नव्हतं, अशी लिस्ट नव्हती. गेले. सकाळी आठपासून त्या मोठ्या खोलीत सत्तर-ऐंशी माणसं. अकरापर्यंत दूध दाटून छाती दगडासारखी झाली. कुणाचं तरी तान्हं बाहेर रडलं आणि मला पान्हा फुटला, पोलक्यातून पदरापर्यंत ओलं. बाथरूमच्या बेसिनमध्ये हाताने दूध काढून टाकलं. घरी बाळ उपाशी, शेजारीण चमच्याने पाणी पाजतेय आणि मी इथे दूध नळाखाली सोडतेय. दुपारी नाव पुकारलं तेव्हा न्यायाधीशांना सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगावं लागलं. त्यांनी लगेच सोडलं, चांगले होते बिचारे. पण रात्री गाठ झाली, ताप भरला, चार दिवस शेक घेत होते.

"एक दिवसाचा प्रश्न" असं म्हणू नये. पोरी, तू जाऊ नकोस, पत्राचं काहीतरी कर. आणि बाटली घेत नसेल तर बोंडलं लावून बघ. माझ्याकडे चांदीचं आहे, शनिवारी आणते.

सचिव – शुक्रवार, सकाळी ७:३०

सदस्यांना विनंती की ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. कायदा, व्हिसा, डॉक्टर वगैरे प्रश्नांसाठी मागच्या जूनमध्ये सर्वानुमते वेगळा गट काढला आहे. पिलूच्या आईची अडचण खरी आहे, त्यामुळे हा धागा थांबवत नाही, पण पुढच्या वेळी तिकडे लिहावं. उद्याच्या पाडव्याच्या श्रीखंडाचा आकडा अजून अकरा घरांनी कळवलेला नाही.

बाळगोपाळ ताई – शुक्रवार, सकाळी ७:५२

सचिवांनी सांगितलेल्या गटात आयांचे प्रश्न विचारायचे नसतात, ते बाळगोपाळ गटात येतात. तो गट गेली सहा वर्षं मी चालवते. पिलूची आई त्यात आहे, तिने आधी तिथे विचारलं असतं तर मी रात्रीच फोन केला असता. असो.

जावंच लागलं तर: पंप, दोन बर्फाचे पॅक, रिकाम्या बाटल्या. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. सामान तपासणीच्या मशीनमधून जातं, घाबरू नकोस. आत गेल्या गेल्या ज्युरीच्या खिडकीवर सांग की दूध काढायला बंद खोली हवी. बाथरूममध्ये अजिबात काढायचं नाही. माई, तुमचं वाचून पोटात कालवलं.

वकीलवहिनी – शुक्रवार, सकाळी ८:४०

कोर्टात शिरायच्या आधी लिहितेय, नीट वाच.

डॉक्टरचं पत्र लागत नाही. तू चुकीच्या दारावर टकटक केलीस. "वैद्यकीय" म्हणजे तुझी स्वतःची प्रकृती ज्युरीत बसण्यासारखी नाही, असा अर्ज. त्याला पुरावा मागतात. तुझी प्रकृती ठणठणीत आहे. पाजणं हा आजार नाही.

तुझ्यासाठी वेगळा नियम आहे: कॅलिफोर्निया रूल्स ऑफ कोर्ट, नियम २.१००६. अंगावर पाजणारी आई ज्युरी ड्युटी एक वर्षापर्यंत पुढे ढकलायची विनंती करू शकते, आणि पाजत असेपर्यंत ती विनंती पुन्हा पुन्हा करता येते. विनंती लेखी आणि "पेनल्टी ऑफ पर्जरी"खाली केली, म्हणजे खोटं निघालं तर शिक्षेला पात्र असं मान्य करून केली, तर ज्युरी कमिशनरला, म्हणजे ज्युरीचं काम बघणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याला, ती मंजूर करावीच लागते. तुला कोर्टात बोलावताही येत नाही. विचार करू, पाहू, असं त्यात काही नाही.

पत्रात एवढंच लिही: नाव, समन्सवरचा ज्युरर नंबर, बाळाचं वय, मी बाळाला अंगावर पाजते, नियम २.१००६ प्रमाणे एक वर्ष मुदत हवी. शेवटी ठरलेलं वाक्य, शब्द न बदलता: "आय डिक्लेअर अंडर पेनल्टी ऑफ पर्जरी अंडर द लॉज ऑफ द स्टेट ऑफ कॅलिफोर्निया दॅट द फोरगोइंग इज ट्रू अँड करेक्ट." खाली तारीख आणि सही. नोटरी नको. इंग्रजी मसुदा तुला वेगळा पाठवलाय. पोर्टलच्या भरवशावर राहू नकोस, आज स्वतः जाऊन खिडकीवर दे आणि तुझ्या प्रतीवर शिक्का घे.

समन्सवर सुपीरियर कोर्ट, म्हणजे राज्याचं कोर्ट, लिहिलंय ना, ते तेवढं बघ. फेडरल कोर्टाचं असेल तर हा नियम लागू नाही, मला लगेच फोन कर.

बंडूभावजी, १९९७ चा कायदा आई आणि बाळ दोघांना जिथे असायची परवानगी आहे तिथे लागू होतो. ज्युरीच्या बाकावर बाळाला बसायची परवानगी नसते. असा अर्धा सल्ला ऐकून कोणी बाळ घेऊन गेलं तर तिला दारातून परत फिरावं लागेल.

बंडू – शुक्रवार, सकाळी ८:५५

मान्य, बाळाचं मागे घेतो. पण सासूबाई घरी असताना मुदत मागणं बरोबर दिसतं का? उद्या कोणी विचारलं की घरात आजी आहे, मग? खोटी शपथ व्हायला नको, एवढंच म्हणणं.

वकीलवहिनी – शुक्रवार, दुपारी १२:१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. आजीचा प्रश्न दुसऱ्या नियमात येतो, २.१००८ मध्ये. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे आणि त्याला सांभाळायला दुसरं योग्य कोणी नाही, म्हणून पूर्ण सूट हवी, असं म्हणणाऱ्याला ते दाखवावं लागतं. २.१००६ मध्ये दुसरं कोणी आहे का हे विचारलेलंच नाही. आजी पाजू शकत नाही. पिलूची आई शपथेवर एवढंच सांगते की मी पाजते, आणि ते खरं आहे.

अण्णा – शुक्रवार, दुपारी १२:३५

वहिनी, उत्तम माहिती. ज्युरी म्हटलं की आपल्या माणसाला १९०८ आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्यांसमोर नऊ जणांची ज्युरी बसली होती, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. आधी १८९७ च्या खटल्यातही तसंच झालं, सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं आणि तिघा हिंदी लोकांनी निर्दोष. त्या खोलीत आपला माणूस किती आहे यावर सगळं ठरत होतं. म्हणून मी नागरिक झाल्यापासून एकही समन्स टाळलेलं नाही. आपण बसायला हवं, ही माझी मनापासूनची भावना आहे. पिलूच्या आईने आत्ता मुदत घ्यावी, पण नंतर जरूर बसावं.

माझा प्रश्न: मी ७४ वर्षांचा, गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात. मला पत्र लागेल का?

दादा, सॅन रमोन – शुक्रवार, दुपारी १२:५०

अण्णा, पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेले नौदलाचे कमांडर नानावटी राहिले की. १९५९, मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने तो निकाल फिरवला. त्याच खटल्यामुळे भारतातून ज्युरी गेली.

अण्णा – शुक्रवार, दुपारी १:१५

एका खटल्याने गेली असं म्हणणं बरोबर नाही. त्याच्या आधीपासूनच ठिकठिकाणी ज्युरी बंद होत चालली होती, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिची तरतूदच राहिली नाही. पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या खटल्यांत मात्र न्यायाधीशांबरोबर समाजाचे प्रतिनिधी बसण्याची पद्धत कायद्याने ठेवलेली आहे.

सचिव – शुक्रवार, दुपारी १:२०

अण्णा, दादा, हे कृपया वाचनकट्ट्याच्या गटात. श्रीखंड: अजून सात घरं.

नवीन सदस्य, डब्लिन – शुक्रवार, दुपारी १:४५

माफ करा, मध्येच विचारतो. माझ्या पत्नीला पण समन्स आलंय, ती एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आहे. आम्ही फाडून टाकणार होतो. बाळ आमच्याकडेही आहे, दहा महिन्यांचं. तिनेही २.१००६ लिहायचं का?

वकीलवहिनी – शुक्रवार, दुपारी ३:०५

फाडू नका! आणि २.१००६ सुद्धा लिहू नका, कारण ती मुदत नागरिकांसाठी आहे. ज्युरीत फक्त अमेरिकन नागरिक बसू शकतात, ग्रीन कार्डवाले सुद्धा नाहीत. नावं डीएमव्ही (गाडीचा परवाना देणारं खातं), मतदार यादी आणि २०२२ पासून राज्याच्या टॅक्स भरणाऱ्यांच्या यादीतून घेतात, म्हणून एच-४ वाल्यांनाही समन्स येतं. त्या फॉर्मवर "मी नागरिक नाही" याच्यासमोर खूण करून सही करून परत पाठवा, बस. चुकून नागरिक असल्याची खूण झाली तर पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडतं, म्हणून पाठवण्याआधी दोघांनी वाचा.

अण्णा, सत्तरीच्या पुढच्या माणसाकडे वैद्यकीय कारणासाठी पत्र मागत नाहीत. तुम्ही फक्त लिहून द्या.

पिलूची आई – शुक्रवार, संध्याकाळी ५:४०

झालं! आत्ताच घरी आले.

वहिनींचा मसुदा छापला, सही केली आणि पिलूला कडेवर घेऊन कोर्टात गेले. खिडकीवरच्या बाई आधी म्हणाल्या की डॉक्टरचं पत्र कुठाय. मी नियमाचा आकडा दाखवला. त्या आत गेल्या, पाच मिनिटांनी परत आल्या आणि शिक्का मारून प्रत हातात दिली. पुढच्या मार्चपर्यंत मुदत मिळाली. तेव्हाही पाजत असेन तर हेच पत्र पुन्हा द्यायचं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. यादीत पाजण्याचा पर्याय नसल्याने बऱ्याच आया वैद्यकीयमध्येच अडकतात, असंही म्हणाल्या. पोर्टलवर तो पर्याय घालावा, असं मी ज्युरी कमिशनरना लेखी कळवणार आहे. वहिनी, ते पत्र एकदा बघाल का?

बंडूदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मलाही द्यायचंय. आईंनी काल रात्रीच सांगितलं होतं की मी सांभाळते, तू जा. त्यांनी दोन दिवस बाटली, वाटी-चमचा, सगळं करून पाहिलं. पिलू रडून रडून निळा पडला आणि त्या स्वतः रडायला लागल्या. मला जायचं नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हापासून मी या समन्सची वाट बघत होते, अण्णांसारखीच. कोणाच्या तरी आयुष्याचा निकाल ऐकायला बसायचं तर पूर्ण लक्ष देऊन बसायला हवं. छाती दाटलेली आणि जीव घरात अडकलेला, अशा अवस्थेत समोरच्या माणसाचं मी काय ऐकणार होते?

माई, बोंडलं नक्की आणा. आईंना आठवण आली, त्यांच्या माहेरीही होतं म्हणे.

सचिवकाका, आमचे चार, त्यात एक बिनसाखरेचं चालेल का? नोंदणीच्या टेबलावर मी साडेनऊपासून आहे, पिलू बरोबर असेल.

सचिव – शुक्रवार, संध्याकाळी ५:५५

चार नोंदले. बिनसाखरेचं करता येणार नाही, चक्का वेगळा काढून ठेवतो. टेबलामागे ग्रीन रूमची किल्ली ठेवतोय, पाजायला तिथे जा, आतून कडी आहे.