'पर्यंत' एकच, मग इंग्रजीत 'बाय' कुठं अन् 'अन्टिल' कुठं?

शिकवणीवाला काका

भावाचं पोट्टं पुण्यात नवीनच नोकरीला लागलं. परवा त्यानं साहेबाला मेसेज टाकला, "आय विल सबमिट द रिपोर्ट अन्टिल मंडे." साहेबाचं उत्तर आलं, "अँड व्हॉट हॅपन्स ऑन ट्यूज्डे?" पोट्ट्याला काही कळलंच नाही, त्यानं स्क्रीनशॉट मला पाठवला, कारण मी इथं दारव्हा तालुक्यात दहावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेतो. आता खरं सांगतो, चूक आहे हे लगेच दिसलं पण का चूक आहे हे सांगायला मलाच दोन कप चहा लागले.

त्याच्या डोक्यात होतं "सोमवारपर्यंत देतो". आपलं 'पर्यंत' दोन्ही कामं करते. "पाच वाजेपर्यंत थांब" म्हणलं तर थांबणं पाच वाजेस्तोवर चालूच, अन् "पाच वाजेपर्यंत ये" म्हणलं तर येणं एकदाच, पाचला नाही तर त्याच्या आधी. फरक आपल्याकडं क्रियापदात बसलाय, 'पर्यंत'ला त्याचं काही देणंघेणं नाही. इंग्रजीवाले मात्र ते शब्दातच वेगळं करतात, चालू राहणाऱ्या कामाला अन्टिल, एकदा उरकायच्या कामाला बाय. म्हणून साहेबानं वाचलं ते असं, की हा सोमवारपर्यंत रोज रिपोर्ट देत राहणार अन् मंगळवारी बंद करणार.

मी पोरांना कसोटी सांगतो ती अशी, 'च्या आत' बसलं तर बाय, 'पर्यंत चालूच' बसलं तर अन्टिल. पण विल, कॅन, मस्ट मधे 'नॉट' घुसला की माझी कसोटी लंगडते. तुम्ही कसं समजावता?

कापूसवाला

काका मले इंग्रजी त तेवढं येत नाई, पण पीकविम्याचा नियम आठवला, त्यात दोन्ही हायेत. प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या २०१८ च्या सुधारलेल्या नियमात असं होतं का कापून सुकायले पसरवलेलं पीक अवकाळीनं भिजलं त कापणीपासून १४ दिवसांपर्यंत संरक्षण, अन् नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत कळवायचं. आता पाहा, १४ दिवस हे चालू राहणारं हाय, छत्री उघडून ठेवल्यासारखं, अन् ७२ तास म्हणजे एकदा फोन केला का झालं काम. आमच्या घरी सोयाबीनची सुडी लावाच्या आधीच पाणी आलं, अन् बाबा म्हणत होते अजून १४ दिवस व्हायचे हायेत काहून घाई करतं. दोन मुदती एकमेकीत मिसळून टाकल्या. फोन मी तिसऱ्या दिवशी दुपारी लावला, धापा टाकत.

शिकवणीवाला काका

भाऊ हे उदाहरण उद्याच फळ्यावर जाते. छत्री म्हणजे अन्टिल, फोन म्हणजे बाय, आणि तास-दिवस मोजून दिले असले तर विदिन.

मॅडम, वर्धा जिल्हा

काका, 'नॉट'वाल्या वाक्यांची गोष्ट खरंच मजेशीर आहे, त्यावर आमच्या शाळेत अर्धा तास गेला होता. ही दोन वाक्यं घ्या:

ही कान्ट कम अन्टिल एट.
ही कान्ट कम बाय एट.

दोन्हीचं मराठी पोरं एकच करतात, "तो आठपर्यंत येऊ शकत नाही". पण पहिल्याचा अर्थ, आठ वाजल्याशिवाय त्याला येता येत नाही, आठ वाजले की मोकळा. दुसऱ्याचा अर्थ, आठच्या आधी पोचणं त्याला जमणार नाही, मग नऊला येईल का दहाला का येणारच नाही, त्याबद्दल वाक्य गप्प आहे. तुमचा नियम इथं पण चालतो, फक्त चालू काय आहे ते बदलतं. अन्टिलमधे 'न येणं' चालू आहे, ते आठला थांबतं. आपल्या मराठीत त्यासाठी '-ल्याशिवाय' नावाचा फार कामाचा मार्ग आहे. पोरांना सांगायचं, नॉट अन्टिल दिसलं की पर्यंत विसरा अन् '-ल्याशिवाय' लावा. "यू मस्ट नॉट लीव्ह अन्टिल द बेल रिंग्ज" म्हणजे घंटा वाजल्याशिवाय जायचं नाही. "घंटा वाजेपर्यंत जायचं नाही" पण चालतं म्हणा, पण कान थोडा अडतो.

विदिनचं पण तसंच. फवारणीच्या औषधाच्या माहितीपत्रकात असतं, फवारल्यावर अमुक दिवसांच्या आत तोडणी करू नये. मस्ट असतं तर त्या दिवसांत उरका, मस्ट नॉट आहे म्हणजे ते सगळे दिवस हात लावायचा नाही. शब्द तोच, अर्थ पार उलटा. एवढ्या बारीक अक्षरात एवढी मोठी गोष्ट का छापतात देव जाणे.

पुण्यातला वऱ्हाडी

माझा गोंधळ वेगळा आहे, मस्ट अन् शुडचा. एसटीची वाट पाहताना आपण म्हणतो "आतापावतर आली असन", हा नुसता अंदाज. "आतापावतर यायला पायजे होती" म्हणजे वेळ टळली, आली नाही, कंडक्टरच्या नावानं शंख. इंग्रजीत पहिल्याला मस्ट हॅव कम बाय नाऊ अन् दुसऱ्याला शुड हॅव कम बाय नाऊ. मी ऑफिसात एकदा कुरिअरबद्दल "इट शुड हॅव रीच्ड बाय नाऊ" लिहिलं, मला म्हणायचं होतं पोचलं असेल बहुतेक, समोरच्यानं तक्रार समजून माफीचा मेल पाठवला. मस्त वाटलं थोडा वेळ.

मॅडम, वर्धा जिल्हा

शुड हॅवमधे दोन्ही वास आहेत, पोचलं असेल असा पण आणि पोचायला हवं होतं असा पण, त्यामुळे समोरच्याची चूक नाही. तसं आपलं 'पाहिजे' तर अजून लबाड आहे, मूळ 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप, म्हणजे 'पाहिलं जातं, शोधलं जातं', अन् आज हवं पण तेच, केलंच पाहिजे पण तेच. मस्टचं पण असंच काहीतरी, तो जुन्या इंग्रजीतला भूतकाळ होता अन् आता वर्तमानात बसलाय, म्हणून त्याला स्वतःचा भूतकाळ उरला नाही, काल करावंच लागलं म्हणायला हॅड टू आणावं लागतं. आणि जाता जाता, टिल हे अन्टिलचं शॉर्ट नाही बरं, टिलच जुनं आहे. पोरांचे मार्क कापू नका.

कापूसवाला

एक शंका. काकांनी वर सांगतलं 'च्या आत' बसलं त बाय. मंग "शुक्रवारच्या आत आणून दे" म्हणलं तर आमच्याकडं गुरुवारी आणतेत. शुक्रवारी आणलं त बाप शिव्या देते. बाय फ्रायडे मंजे शुक्रवार धरून का सोडून?

शिकवणीवाला काका

अरे बाप्पा. बरोबर पकडलं. बाय फ्रायडे म्हणजे शुक्रवार धरून, शुक्रवारी दिलं तरी वेळेत. सोडून म्हणायचं असलं तर बिफोर फ्रायडे. म्हणजे दिवसाचं नाव आलं की 'च्या आत' हे बिफोरकडं झुकते, अन् तास-दिवसांचा आकडा आला की विदिनकडं. अकरा वर्षं झाली मी हीच कसोटी शिकवून राह्यलो अन् एकाही पोरानं विचारलं नाही.

तर बायसाठी आता फळ्यावर असं लिहितो, "त्या दिवशी, नाहीतर त्याच्या आधी". लांब आहे पण चालते. पोट्ट्याला पण हेच कळवलं. त्यानं काल साहेबाला लिहिलं, "आय विल बी अॅट होम अन्टिल संडे अँड विल सबमिट द रिपोर्ट बाय मंडे." साहेबानं नुसता अंगठा पाठवला. आता पोट्टं विचारते, काका, सोमवारी किती वाजेपर्यंत?