१९६६ ची हेराल्ड, 'थोडं काम बाकी' – घ्यावी का? (सल्ला हवा)

वाकडी_वाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले चार महिने रात्री जेवण झालं की फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसतो. बायको म्हणते, माझं स्थळसुद्धा एवढं बारकाईनं पाहिलं नव्हतंस. हवी होती खरं तर स्पोर्ट्स कार. पण एमजी, ट्रायम्फ आपल्याकडे विकायला क्वचितच निघतात, आणि निघाल्या की आकडा वाचून मी फोन उलटा ठेवतो. म्हणून स्टँडर्ड हेराल्डवर आलोय. दोन दारं, अख्खं पुढे कलणारं बॉनेट, मनाला तेवढंच समाधान.

जाहिरात अशी आहे: "१९६६ हेराल्ड, कन्व्हर्टिबल केलेली. ९०% काम पूर्ण, थोडं बाकी. इंजिन उतरवलेलं, सर्व पार्ट सोबत. पेपर क्लिअर. १ लाख ४० हजार, थोडंफार कमीजास्त होईल." गाडी रत्नागिरीजवळ, मी पुण्यात. माझी तयारी सगळं मिळून तीन लाखांची. स्वतः हात काळे करायची हौस आहे. अनुभव एका बुलेटचा आणि घरच्या मिक्सरचा. काय काय पाहू?

चासी_नंबर

'थोडं बाकी' म्हणजे आधीच्या मालकानं ज्या कामापुढे हात टेकले ते काम. ९०% झालेली गाडी कुणी विकत नाही हो, ती चालवतो माणूस.

आता गाडीविषयी. हेराल्डची बॉडी हे चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बोल्टांनी जोडलेले सुटे भाग आहेत. १९५९ साली इंग्लंडमध्ये 'ट्रायम्फ हेराल्ड' म्हणून आली तेव्हा बाकीचे मोनोकॉककडे (चासी आणि बॉडी एकसंध) निघाले होते आणि ट्रायम्फनं स्वतंत्र चासी ठेवली. १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड' नावानं बनली ती हीच. तुमच्या हौसेसाठी हे चांगलंच, कारण दार, मडगार्ड, बॉनेट सगळं पान्यानं सुटतं. पण जीव सगळा चासीत. दाराखालचा पत्रा सडला तर बदलता येतो. चासीच्या मुख्य दांड्यांतून बाजूला जे आडवे हात निघतात (आउटरिगर), ते सडले असतील आणि सडण मागे डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांमधला गियरचा डबा) पोचली असेल, तर ती गाडी नाही, भंगार आहे. जाहिरातीत नऊ फोटो असतील तर आठ वरच्या रंगाचे आणि एक स्टिअरिंगचा असतो. खालून काढलेले फोटो मागा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

आणि गाडी कोकणातली, हे विसरू नका. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. तीच गाडी सोलापुरात उभी असती तर मी एवढं बोललो नसतो.

उद्यमनगरी

भावा, खिशात लोहचुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर ठिवून जा. चुंबक जिथं चिकटत न्हाई तिथं पत्रा न्हाई, पुट्टी हाय. एका गाडीच्या निस्त्या एका दारातनं मी पाच किलो पुट्टी काढलीया, दार उचलंना झालतं! स्क्रू ड्रायव्हर चासीला खालनं टोचायचा. मालकानं तोंड वाकडं केलं तर करू दे.

इंजिन उतरवलंय म्हणून भिऊ नगंस. ९४८ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन हाय. बुश, पिन, सिलिंडर बोअर, क्रँक ग्राइंडिंग, ही कामं आमच्याकडं कोल्हापुरात उद्यमनगरात व्हत्यात. व्हत न्हाईत ती म्हंजी काच, रबर आन् क्रोमच्या पट्ट्या. पुढची काच फुटकी आसंल तर किंमत लगेच खाली आण. आन् 'सर्व पार्ट सोबत' म्हंजी खोक्यातलं पार्ट. खोकं उघडून बघ. एकात डिस्ट्रिब्युटर आन् दुसऱ्यात अंब्याचं लोणचं निघाल्यालं बघितलंय मी.

आरटीओ_पीडित

गाडी नंतर, आधी आरसी बुक. ते गाडीशेजारी उभं राहून वाचा. इंजिन नंबर आणि चासी नंबर प्रत्यक्ष जुळवा, चासीवर कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्या. आपल्याकडे अशा गाड्यांत मध्ये कधीतरी डिझेल नाहीतर व्हॅनचं इंजिन बसवलेलं असतं आणि बुकात मूळचाच नंबर राहतो.

बुकावर नाव कुणाचं आहे? बरेचदा आजोबांचं असतं आणि आजोबा नसतात. मग मालकी बदलाच्या नुसत्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर भागत नाही. आधी ३१ नंबरचा फॉर्म, वारसांच्या नावावर, सगळ्या वारसांच्या सह्यांनिशी. त्यातला एक अमेरिकेत आणि एक रुसलेला. साठ सालचा बँकेचा बोजाही कधीकधी तसाच चढलेला असतो. जुना तीन अक्षरी नंबर परिवहनच्या साइटवर दिसत नसेल तर ऑनलाइन नोंद झालेली नाही. ती आधी मालकाला करून घ्यायला लावा.

मी एकदा 'डुप्लिकेट आरसी काढून देतो'वर विश्वास ठेवून पैसे मोजले होते. गाडी चार वर्षं अंगणात होती, वर भोपळ्याचा वेल चढला. भोपळे मात्र छान लागले.

वाकडी_वाट

आरटीओ_पीडित, पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ना? ते सोपं पडेल का?

आरटीओ_पीडित

मिळते. २०२१ चा नियम आहे. नवी नोंदणी २० हजार, १० वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण दोन अडचणी. एक, गाडी मूळ स्वरूपात हवी. दोन, अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुम्हाला रविवारी ताम्हिणीला जायचं असेल तर जुना नंबर राखून साधं नूतनीकरण बरं. २५ नंबरचा फॉर्म, गाडीची तपासणी, पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या कारला २०२५ च्या ऑगस्टपासून शुल्क १० हजार झालंय.

चासी_नंबर

मूळ स्वरूपावरून आठवलं. 'कन्व्हर्टिबल केलेली' हे शब्द मला सगळ्यात जास्त खटकले. दोन दारांच्या हेराल्डचं छप्पर बोल्टांवर बसतं. बोल्ट काढून उतरवलेलं असेल आणि छप्पर मालकाकडे असेल तर उत्तम, परत चढवता येईल. ग्राइंडरनं कापलेलं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ कलमात (गाडीत परस्पर फेरबदल) अडकाल. फोनवर एवढंच विचारा: छप्पर कुठंय?

कोव्हेंट्रीची_काकू

माझ्याच गावात जन्मली ही गाडी, म्हणून राहवलं नाही. इथे आमच्या शेजाऱ्यांकडे स्पिटफायर आहे. स्पिटफायर म्हणजे हेराल्डचीच चासी आखूड करून वर चढवलेली स्पोर्ट्स बॉडी. त्यामुळे धागाकर्ते, तुम्ही स्पोर्ट्स कारपासून फार लांब गेलेला नाहीत. पुढच्या सस्पेन्शनचे भाग इथे नवे मिळतात. बॅगेतून आणण्याजोगे असतील तर दिवाळीला येताना आणीन, व्यनि करा. बॉनेट आणणार नाही.

एक गोष्ट नक्की तपासा. पुढच्या चाकांशी खाली पितळेचा ट्रनियन असतो, चाक वळतं तो सांधा. त्यात ग्रीस नव्हे, ईपी ९० गियर ऑइल घालायचं असतं. गॅरेजवाले वर्षानुवर्षं ग्रीस भरतात किंवा काहीच भरत नाहीत. मग आत पाणी राहून उभा दांडा गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटतो. चाक आडवं पडतं. शेजाऱ्यांचं पडलं होतं, सुदैवानं घराच्या दारातच.

इथे गाडीच्या नंबरावरून जुन्या तपासणीचे शेरे सरकारी साइटवर फुकट वाचता येतात, जाहिरात खरी की खोटी ते दहा मिनिटांत कळतं. तुमच्याकडे ते काम स्क्रू ड्रायव्हरलाच करावं लागणार.

फियाटपुत्र

हे सगळं सोडा आणि पद्मिनी घ्या. पार्ट कुर्ल्याला मिळतात, मेकॅनिक गल्लोगल्ली. हवं तर डुक्कर फियाट शोधा.

पणजीकर

सॅन स्टॉर्मचं कुणीच बोललं नाही! फायबरची बॉडी, सडायचा प्रश्नच नाही. दोन सीट, रेनॉचं १.२ लिटर इंजिन. फक्त टेललाइट फुटली की हातावर हात ठेवून बसायचं.

वाकडी_वाट

जाऊन आलो. छप्पर कापलेलं. त्याच्या पत्र्याची कोंबड्यांना खुराड्यावर सावली केलीय, हे मालकानं कौतुकानं दाखवलं. रंग चकचकीत. डाव्या आउटरिगरला स्क्रू ड्रायव्हर लावला तो मुठीपर्यंत आत गेला. आरसी बुक वडिलांच्या नावावर, भाऊ तीन. माणसं मात्र फार चांगली, जेवल्याशिवाय सोडलं नाही. नको म्हणताना जीव खाली-वर झाला.

आता साताऱ्याकडची एक सापडलीय. चार दारांची मार्क थ्री, रंग उडालेला, मागचा बंपर नाही. पण चालू आहे, बुक विकणाऱ्याच्याच नावावर, आणि न मागता खालून काढलेले सहा फोटो पाठवले. किंमत १ लाख ९०. मन मात्र दोन दारांतच अडकलंय.

चासी_नंबर

चार दारांची हेराल्ड फक्त आपल्याकडेच बनली, काकूंच्या गावातही नाही. त्यामुळे दारांचे पत्रे तिकडून येणार नाहीत, दारं नीट बघा. बाकी जाहिरात मला आवडली. चालवून पाहाल तेव्हा मागच्या स्विंग अॅक्सलचं (चाकासोबत वर-खाली झुलणारा अॅक्सल) भान ठेवा; घाटात जोरात वळताना अॅक्सिलरेटर एकदम सोडला की मागचं चाक पोटाखाली दुमडायला बघतं.

उद्यमनगरी

सातारा म्हंजी माझ्या वाटंवरच. रविवारी येऊ का? टोकन फिकन ऑनलाइन पाठवू नगंस आधी.

वाकडी_वाट

या की! दहा वाजता पोवई नाक्यावर. चुंबक, बॅटरी, जुनी सतरंजी घेतलीय.

उद्यमनगरी

दोन लाकडी ठोकळं बी घे. निस्त्या जॅकवर उचलल्याल्या गाडीखाली मी शिरत न्हाई.