एल्फिन्स्टन म्हणजे नक्की कोणता? नुसत्या आडनावावर इतिहास लिहिणं थांबवा

खडकीकर (धागाकर्ता)

परवा मुंबईत काळा घोड्याला एका हेरिटेज वॉकमध्ये होतो. एल्फिन्स्टन कॉलेजसमोर उभं करून वॉकवाल्या मुलाने सांगितलं, "हा तोच एल्फिन्स्टन, पेशवाई बुडवणारा. परळजवळचं ते स्टेशन होतं ना, तेही ह्याच्याच नावाचं." वीसेक जणांनी माना डोलावल्या, दोघांनी मोबाईलवर टिपूनही घेतलं.

कॉलेजचं बरोबर आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जन्म १७७९, पुण्याचा रेसिडेंट (पेशवे दरबारातला कंपनीचा वकील), मग १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. तो परत जायला निघाला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली, त्यातून पुढे हे कॉलेज झालं. स्टेशन मात्र त्याच्या पुतण्याचं. जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, गव्हर्नर १८५३ ते १८६०, म्हणजे सत्तावन्नच्या बंडाच्या वेळचा. २०१८ मध्ये स्टेशनवर प्रभादेवीची पाटी लागली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता तो फोटो काकाचा!

तिसरा विल्यम, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. हा काबूलमधल्या इंग्रज फौजेचा जनरल. १८४२ च्या जानेवारीत साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बुणगे घेऊन काबूलहून बर्फात निघाला. वाटेत सगळी फौज कापली गेली. १३ जानेवारीला डॉ. ब्रायडन नावाचा जखमी माणूस मरायला टेकलेल्या घोड्यावर जलालाबादला पोचला, तेव्हा तटावरच्या इंग्रजांना बातमी कळली. जनरलसाहेब अफगाण सरदार अकबरखानाच्या कैदेत वारले. बरं, ह्याला 'काबूलवाला एल्फिन्स्टन' म्हणावं, तर काबूलच्या राज्यावरचा गाजलेला ग्रंथ १८१५ साली लिहिला तो पुन्हा माउंटस्टुअर्टनेच.

माझं म्हणणं एवढंच: पूर्ण नाव आणि सोबत एक साल. दोन शब्द जास्त लिहिल्याने कोणाची शाई संपत नाही.

चहा_खारी

धागा आवडला, मत पटलं नाही. स्टेशन काकाचं की पुतण्याचं, ह्याने विरार लोकल वेळेवर येणार आहे का? सामान्य वाचकाला इतकंच हवं असतं की साहेबाचं नाव होतं, गेलं. तुम्ही लोक तळटिपांत जगता.

वाईची_मंजू

खडकीकरांशी सहमत. एल्फिन्स्टन निदान एका घरातले तरी होते, ग्रँटांचं काय? ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज रॉबर्ट ग्रँटचं. १८३५ ला गव्हर्नर झाला आणि १८३८ मध्ये दापोडीला वारला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो जेम्स ग्रँट डफ, साताऱ्याचा रेसिडेंट, स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा. त्याचे तीन खंड १८२६ मध्ये निघाले आणि नंतर आपल्या लोकांनी त्याच्या चुका काढता काढता स्वतःचं इतिहाससंशोधन उभं केलं. माझ्या मामांनी आयुष्यभर ग्रँट रोड ह्या डफाच्याच नावाचा समजून त्याला शिव्या घातल्या. रॉबर्ट बिचारा लंडनच्या पार्लमेंटात ज्यूंना समान हक्क मिळावेत म्हणून विधेयकं मांडत असे आणि चर्चमध्ये गायची भजनं लिहीत असे.

तिसरे सर अलेक्झांडर ग्रँट. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य. न्यायमूर्ती रानड्यांनी विद्यार्थी असताना निबंधात मराठी राज्याची बाजू घेऊन इंग्रजी राज्याला नावं ठेवली, म्हणून सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद करणारे ते हेच. आता "एल्फिन्स्टनमधल्या ग्रँटने रानड्यांना शिक्षा केली" हे वाक्य नवख्या माणसाला वाचायला द्या आणि त्याला काय कळतं ते विचारा.

चहा_खारी

मंजूताई, मामांचा किस्सा भारी. पण मामांनी चुकीच्या ग्रँटला शिव्या दिल्याने इतिहासाचं काय बिघडलं?

वाईची_मंजू

इतिहासाचं नाही, रॉबर्टचं बिघडलं.

अबर्डीनचा_पाहुणा

अकरा वर्षं इकडे स्कॉटलंडमध्ये आहे आणि ही सगळी घराणी मूळची इकडचीच, म्हणून चार ओळी. ही गल्लत मुंबईत सुरू झालेली नाही, ती मूळचीच आहे. जुनी पद्धत अशी: थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला बापाचं. म्हणजे दर दुसऱ्या पिढीत तोच जॉन, तोच जेम्स. आडनावांची गंमत वेगळीच. डोंगराळ भागात सरदाराच्या जमिनीवर राहणारी कुळंही सरदाराचंच आडनाव लावू लागली. म्हणून दोन ग्रँट म्हणजे भाऊबंद असं धरून चालत नाही, जसे सगळे भोसले एका वाड्यातले नसतात.

मग स्कॉटिश माणसाने काय केलं? साल नाही लावलं, गाव लावलं. रॉथिमर्कसचा ग्रँट, ग्लेनमॉरिस्टनचा ग्रँट. बकीसारख्या कोळ्यांच्या गावांत तर निम्मं गाव दोन-तीन आडनावांत आटोपायचं, तिथे प्रत्येक घराला टोपणनाव आणि ते कागदोपत्रीही नावापुढे लिहिलेलं. आमच्या गावी चार तुकाराम पाटील होते. विहिरीवरचा, पोस्टातला, लंगडा आणि नुसता. पत्रं बरोबर पोचायची. तेव्हा खडकीकर, सालाचा आग्रह सोडा. गाव किंवा हुद्दा लिहा, लोकांच्या तोंडी तेच राहतं.

खडकीकर

पाहुणे, गावाचा उपाय विल्सनांवर चालवून दाखवा. विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन, जन्म १८०४, लॉडर. हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प १८६० साली मांडून आपल्यावर आयकर बसवणारे जेम्स विल्सन, जन्म १८०५, हॉइक. दोन्ही गावं इंग्लंडच्या सीमेलगतच्या एकाच मुलखातली. लॉडर आणि हॉइक मराठी वाचकाला सारखीच अनोळखी. साल निदान सगळ्यांना वाचता येतं.

अबर्डीनचा_पाहुणा

म्हणून तर म्हटलं, गाव *किंवा* हुद्दा. 'कॉलेजवाला विल्सन' आणि 'आयकरवाला विल्सन'. झालं काम.

पेठेबाहेरचा

मला मात्र धाग्याचा पायाच मान्य नाही. तुम्ही हे एल्फिन्स्टन सुटे करायला निघालात, पण त्यांचं एकत्र असणं हाच तर मुद्दा आहे. त्या जनरल विल्यमचा बाप ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर. त्याच काकाच्या वशिल्याने माउंटस्टुअर्ट पोरवयात कंपनीत चिकटला आणि १७९६ ला कलकत्त्यात उतरला. दुसरा काका जॉर्ज कीथ ॲडमिरल, १७९५ मध्ये डचांकडून दक्षिण आफ्रिकेतलं केप घेणारा. पुतण्या जॉन आधी मद्रासचा गव्हर्नर, मग मुंबईचा. आपल्याकडे ह्याला घराणेशाही म्हणतात. पूर्ण नाव आणि साल लावून प्रत्येकाला वेगळ्या चौकटीत बसवलंत की वाचकाला चार कर्तबगार माणसं दिसतात, खानदान दिसत नाही. नुसतं 'एल्फिन्स्टन' लिहिणारा अडाणीपणाने का होईना, खरं बोलून जातो.

खडकीकर

घराण्याचा मुद्दा वजनदार आहे, मानतो. पण आता उलटं करून बघा. उद्या एखाद्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं, "कधीही लढाई न हरलेला बाजीराव जून १८१८ मध्ये जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला." आजोबा आणि नातू, आडनाव भट, गादी तीच, घराणेशाही शंभर टक्के. चालेल तुम्हाला?

पेठेबाहेरचा

नाही चालणार. पण तिथे माझं रक्त तापतं, एल्फिन्स्टनसाठी तापत नाही. एवढा पक्षपात करायची मला मुभा आहे.

चहा_खारी

हे बाकी प्रामाणिक उत्तर.

वाईची_मंजू

खडकीकर, तुमच्या बाजूची असूनही एक खडा टाकते. "पूर्ण नाव लिहा" म्हणता ना? घ्या: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. हा एकच माणूस आहे, चार नव्हेत. साताऱ्याच्या ग्रँट डफने १८२९ मध्ये झालेल्या मुलाला आपल्या जुन्या साहेबाचं अख्खं नाव ठेवलं. पोरगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, १८८१ ते १८८६. तिथल्या किनाऱ्यावर फिरायचा रस्ता करून त्याला मरीना नाव दिलं ते ह्यानेच. ह्याचं पूर्ण नाव लिहिलंत तर वाचक म्हणेल छापताना दोन ओळी एकात एक गेल्यात.

खडकीकर

ह्याला मी विसरलोच होतो. ह्याच्यापुरतं साल लिहा आणि सोबत मरीनाही लिहा. पाहुणे, हसू नका.

अबर्डीनचा_पाहुणा

हसत नाही. ह्याचा जन्म इकडचाच, अबर्डीनशायरमधला. आमच्या गावच्या हिशोबाने हा 'नुसता'.