रुंदीकरणात पांढरीचं टेकाड कापलंय, विटा-खापरं निघाल्यात. अर्ज कुणाकडे करायचा?

कृष्णाकाठ:
मंडळी, जरा घाईत लिहितोय. कराड तालुक्यात नदीकाठी आमचं गाव, आगाशिवचा डोंगर समोर दिसतो. गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. धाब्याच्या घरांच्या छतावर घालायला पूर्वी माती तिथूनच न्यायचे, त्यात ते निम्मं संपलंच होतं. आता रस्ता रुंद करताना जेसीबीने त्याची कड उभी कापली.

कापात थर सरळ दिसतात. वर भुसभुशीत माती, मग राखेचा पट्टा, त्याखाली विटांच्या ओळी. वीट आपल्या भट्टीच्या विटेहून कितीतरी लांब-रुंद, फुटलेल्या जागी भाताच्या तुसाच्या खुणा. काही खापरं आतून काळी, बाहेरून लाल आणि गुळगुळीत. सगळा माल टिपरने पुढच्या भरावात चाललाय.

ठेकेदाराचा माणूस म्हणतो, लेखी आणा, मशीन थांबवतो. सरपंच म्हणतात, रस्ता आत्ता अडला तर परत होणार नाही. त्यांचंही चूक नाही, त्या खड्ड्यांतून आमचीच पोरं शाळेला जातात. मलाही रस्ता अडवायचा नाहीये. याच कृष्णेवर खाली नागार्जुनकोंडा हे प्राचीन बौद्ध स्थळ धरणाच्या पाण्यात जाण्याआधी 1954 ते 1960 खणून नोंदवलं, आणि धरणही झालंच की! इथे चार दिवस मिळाले तरी पुष्कळ.

कलेक्टर, तहसीलदार की पुरातत्त्व? तो 100 मीटरचा नियम इथे लागतो का? पोरांनी गोळा केलेल्या खापरांचं काय करू? (सोनं निघाल्याची आवई उठलीये, रात्री टेकाडावर बॅटऱ्या दिसतात.)

खापरवेडा:
दादा, 100 मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे 200 मीटर परवानगीचे, हा नियम केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती. टेकाड यादीत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

1878 चा निखात निधी कायदा बघा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर सापडणाऱ्याने कलेक्टरना लेखी कळवायचं: काय, कुठे, कधी. खापराला किंमत काय, या वादात पडू नका, कळवून मोकळे व्हा. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला, एक रस्त्याच्या कार्यकारी अभियंत्यांना. ठेकेदार ऐकेल तो त्यांचंच. आवकचा शिक्का घ्या.

फोटोत मीटरपट्टी उभी धरा. कापातून एकही वीट उपसू नका, थरातून सुटली की तिचं वय सांगणं अवघड. खापरं न धुता पिशवीत, वर जागा लिहून. बॅटरीवाल्यांचं पोलीस पाटलांच्या कानावर घाला, आजच.

कृष्णाकाठ:
आभारी आहे. अर्जात ‘काम थांबवा’ लिहू की ‘पाहणी होईपर्यंत एवढी कड सोडा’?

खापरवेडा:
दुसरं. गट नंबर आणि रस्त्याचा साखळी क्रमांक (सुरुवातीपासून किती अंतरावर ते) दोन्ही टाका, नाहीतर नेमकी कुठली कड म्हणून अर्ज परत येईल.